बाबासाहेब मधुमेहासह कसे जगले?

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबर जवळ आला की बाबासाहेबांच्या अठरा-अठरा तासांच्या अभ्यासाच्या गोष्टी वस्त्यावस्त्यांत सांगितल्या जातात. लंडनच्या ग्रंथालयात सकाळी पहिले येणारे आणि शेवटी उठणारे बाबासाहेब आपल्याला तोंडपाठ आहेत. या गोष्टी सांगायलाच हव्यात. पण हे अफाट काम ज्या शरीराने केले त्याचे काय चालले होते, हे आपल्या भाषणांत आणि पोवाड्यांत क्वचितच येते. आयुष्याची शेवटची आठ-नऊ वर्षे तरी बाबासाहेब मधुमेही होते. ते इन्सुलिन घेत होते. पायांच्या वेदनांनी त्यांची झोप उडत होती आणि पुढे नजरही अधू होत गेली. संविधानाचा मसुदा, हिंदू कोड बिल, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ आणि नागपूरची धम्मदीक्षा ही सगळी कामे याच काळातली आहेत.

आम्ही वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करतो. तिथे मधुमेह झाला की माणूस दोन टोकांना जातो. एक तर तो आजार लपवतो, नाही तर आता आपले संपले म्हणून चळवळीतून अंग काढून घेतो. या दोघांसाठीही बाबासाहेबांचे चरित्र या बाजूने पुन्हा वाचायला हवे, असे आम्हाला वाटते.

उपाशी विद्यार्थी

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी आणि भीमाबाई यांच्या पोटी भीमराव जन्मले. ते चौदावे अपत्य. आई लहानपणीच गेली. सातारा, मग मुंबई, एल्फिन्स्टन हायस्कूल, एल्फिन्स्टन कॉलेज आणि १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, हा प्रवास आपल्याला माहीत आहे. १९२० मध्ये अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला ते पुन्हा लंडनला गेले तेव्हा खिशात मोजके पैसे होते. त्यांनी पोटाला चिमटा काढला आणि पुस्तके घेतली. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी मिळवल्या, बॅरिस्टरही झाले.

१९२१ हे साल मधुमेहाच्या इतिहासातही मोठे आहे. त्याच वर्षी कॅनडात टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन शोधून काढले. पुढच्या वर्षी ते पहिल्यांदा एका मुलाला यशस्वीपणे देण्यात आले. जे औषध पुढे बाबासाहेबांना तारून नेणार होते, ते जन्माला आले तेव्हा ते लंडनमध्ये अर्धपोटी राहून प्रबंध लिहीत होते.

भारतात परतल्यावर त्यांना उसंत मिळाली नाही. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ मध्ये महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह, १९३० मध्ये नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह, मग गोलमेज परिषदा. घरात एकामागून एक मुले दगावली. लाडका राजरत्न १९२६ मध्ये गेला. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते. कामाचे तास ठरलेले नव्हते, जेवणाची वेळ पाळली जात नव्हती, झोप तुटपुंजी होती. पन्नाशी ओलांडलेले शरीर हे सगळे मुकाट सोसत होते.

संविधानाचा मसुदा आणि दुखणारे पाय

२९ ऑगस्ट १९४७ रोजी संविधानाच्या मसुदा समितीची स्थापना झाली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. समिती सात जणांची होती, पण एकाने राजीनामा दिला, एकाचे निधन झाले, एक परदेशी होते, कोणी संस्थानाच्या कामात तर कोणी प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर. मसुद्याचा भार शेवटी बाबासाहेबांवर पडला, हे समितीतलेच एक सदस्य टी. टी. कृष्णम्माचारी यांनी संविधान सभेत उघडपणे सांगितले. तो भार उचलताना बाबासाहेबांचे पाय ठणकत होते आणि रात्री झोप लागत नव्हती.

वाढलेली साखर वर्षानुवर्षे रक्तात राहिली की बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू खराब होतात. पायांना मुंग्या येतात, आग होते, रात्री वेदना वाढतात. काहींचे पाय पुढे बधिर होतात. डोळ्यांच्या पडद्यावरच्या नाजूक रक्तवाहिन्यांचेही असेच होते आणि दृष्टी कमी होऊ लागते. किडनी आणि हृदय यांनाही त्याची झळ बसते. बाबासाहेबांना यातले काय काय सोसावे लागले असेल, हे आज घरोघरच्या मधुमेहींना वेगळे सांगायला नको.

उपचारासाठी ते मुंबईत डॉ. मालवणकर यांच्याकडे येत. तिथे त्यांची ओळख डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाली. ग्रँट मेडिकल कॉलेजमधून एम.बी.बी.एस. झालेल्या या डॉक्टरांशी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा विवाह झाला. त्या सविता आंबेडकर, आपल्या माईसाहेब. आता औषध, पथ्य आणि विश्रांती यांकडे पाहणारे डॉक्टर माणूस घरातच आले.

त्या काळातला मधुमेह आजच्यापेक्षा फार अवघड होता. बोटाला टोचून घरच्या घरी साखर पाहण्याचे ग्लुकोमीटर नव्हते. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवी टाकून ती तापवायची आणि रंग हिरवा, पिवळा की विटकरी होतो यावरून साखरेचा अंदाज घ्यायचा. इन्सुलिनसाठी काचेची सिरिंज आणि पुन्हा पुन्हा वापरायची सुई उकळून घ्यावी लागे. आज तालुक्याच्या दवाखान्यातही मिळणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात कुठे वापरात येऊ लागल्या.

अशा साधनांच्या बळावर ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी संविधानाचा मसुदा सभेपुढे मांडला. त्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. मसुद्यावरच्या विचारासाठी सभा ११४ दिवस बसली. कलमामागून कलम समजावून देणे, आक्षेपांना उत्तर देणे, योग्य असेल ती दुरुस्ती मान्य करणे हे काम ते करत राहिले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ३९५ कलमे आणि ८ परिशिष्टे असलेले संविधान स्वीकृत झाले. आजारी माणसाकडून मोठे काम होत नाही असे म्हणणाऱ्याला दुसरा पुरावा देण्याची गरज नाही.

पुढे ढकललेले उपचार

इथे एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. बाबासाहेबांनी प्रकृतीकडे नेहमीच पुरेसे लक्ष दिले, असे म्हणता येत नाही. १० ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. आपल्या प्रकृतीची डॉक्टरांना काळजी वाटते आहे, त्यांना सलग महिनाभर उपचार करायचे आहेत, पण त्याआधी हिंदू कोड बिल मार्गी लागावे, म्हणून ते लवकर चर्चेला घ्यावे, असा त्याचा आशय होता. स्त्रियांना वारसा, घटस्फोट आणि संपत्तीचे हक्क देणारे ते विधेयक त्यांना स्वतःच्या उपचारांपेक्षा निकडीचे वाटले. ते विधेयक पुरे झालेच नाही. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो. पण त्यातून कार्यकर्त्यांनी भलताच धडा घेतला, असे आमचे निरीक्षण आहे. बाबासाहेबांनी तब्येत पाहिली नाही, मग आपण कशाला पाहायची, असे म्हणत मोर्चाच्या दिवशी गोळी चुकवणारे, जयंतीच्या महिन्यात पंधरा दिवस रात्री जागणारे, चहा-बिस्किटांवर दिवस काढणारे कार्यकर्ते आपल्याभोवती आहेत. बाबासाहेबांच्या समोर दोन वाईट पर्यायांतून निवड होती. स्त्रियांच्या हक्कांचे विधेयक संसदेत रेटणारा दुसरा बाबासाहेब नव्हता. आपली एक मीटिंग चुकली तर दुसरा कार्यकर्ता ती घेऊ शकतो.

पडणे आणि पुन्हा उठणे

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतून ते पराभूत झाले. त्याच वर्षी ते राज्यसभेवर गेले आणि जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाची मानद पदवी घ्यायला न्यूयॉर्कला जाऊन आले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हार झाली. त्यानंतर जून ते ऑक्टोबर १९५४ असे काही महिने ते अंथरुणाला खिळून होते. औषधांचे दुष्परिणाम आणि मंदावलेली दृष्टी या दोन्हींनी त्यांना गाठले होते. पुस्तक हाच ज्याचा श्वास, त्याला अक्षर दिसेनासे होणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी.

मधुमेहात असे दिवस येतात. सगळे पथ्य पाळूनही साखर वाढते, थकवा जात नाही, मन खचते. तेव्हा मोठा निर्धार उपयोगी पडत नाही, उद्या करायचे एखादे छोटे काम उपयोगी पडते. बाबासाहेबांकडे ते काम होते. १९५१ पासून त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहायला घेतले होते. बरे वाटेल तेव्हा थोडे थोडे लिहीत ते पुढे जात राहिले. सरकारी नोकरी सांभाळून संध्याकाळी येणारे नानकचंद रत्तू ती पाने टाइप करत. माईसाहेब औषधपाणी पाहत. उतारवयात बाबासाहेब व्हायोलिनही शिकले. दुखणे विसरायला प्रत्येकाजवळ असे काही तरी लागते.

अंथरुणावरून उठल्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ते रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले. परतल्यावर २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची त्यांच्या हस्ते स्थापना झाली. १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा उभी राहिली. १५ मार्च १९५६ रोजी त्यांनी ग्रंथाची प्रस्तावना लिहिली. तीत त्यांनी आपल्या आजारपणाविषयी मोकळेपणाने सांगितले. पाच वर्षांत प्रकृती अनेकदा ढासळली, डॉक्टरांनी जवळजवळ आशा सोडली होती, आणि त्यातून आपण वाचलो ते पत्नी आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे, असे त्यांनी कृतज्ञतेने नोंदवले. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती, ती मागाहून प्रकाशात आली. या देशातल्या कोट्यवधींच्या नेत्याने आपले दुखणे लपवले नाही आणि आपण इतरांच्या सेवेवर उभे आहोत हे सांगण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. आपले कार्यकर्ते मात्र विहारात सगळ्यांसमोर गोळी घ्यायलाही लाजतात.

सम्यक स्मृती म्हणजे काय?

अष्टांगिक मार्गातली सम्यक स्मृती आपण वंदनेनंतर उच्चारतो. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात तिचा अर्थ मनाची सततची जागरूकता असा मांडला. ही जागरूकता फक्त ध्यानाला बसल्यावरची नाही. ताटावर बसल्यावरही ती लागते.

संयुक्त निकायात कोसलचा राजा प्रसेनजित याची कथा आहे. तो भरपूर भात खाऊन धापा टाकत भगवंतांकडे आला. जो जागरूक राहतो आणि अन्नाचे प्रमाण जाणतो त्याचे शरीराचे कष्ट हलके होतात, अशा अर्थाचा उपदेश भगवंतांनी त्याला केला. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला तो उपदेश पाठ करायला लावला आणि रोज जेवताना आपल्यासमोर म्हणायला सांगितले. हळूहळू राजाचा आहार आटोक्यात आला. भगवंतांनी त्याला उपवास करायला सांगितला नाही की शिक्षा केली नाही. रोज त्याच वेळी आठवण करून देणारा एक माणूस शेजारी बसला, एवढ्यावर काम झाले. मधुमेहींना सांभाळण्याची याहून चांगली रीत आम्हाला ठाऊक नाही. घरातले कोणी तरी सुदर्शन झाले पाहिजे. बाबासाहेबांच्या घरात ते काम माईसाहेबांनी केले.

बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि अष्टांगिक मार्गाचे आचरण करण्याचीही आहे. मधुमेहीला या दोन्ही प्रतिज्ञा औषधासारख्या आहेत. आजार हा मागच्या जन्माचा भोग नाही. कारणे शोधावी आणि ती दूर करावी, ही धम्माची शिकवण आहे. म्हणून इन्सुलिन बंद करून अंगारा, ताईत किंवा कुणाच्या तरी हमखास काढ्यावर विसंबणे हे धम्माशीही विसंगत आहे.

शेवटची पावले

२४ मे १९५६ रोजी मुंबईत नरे पार्कवर बुद्धजयंतीच्या सभेत त्यांनी ऑक्टोबरमध्ये धम्म स्वीकारणार असल्याचे जाहीर केले. १४ ऑक्टोबरला नागपुरात भदंत चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून त्यांनी दीक्षा घेतली आणि लाखोंना स्वतः दीक्षा दिली. त्या दिवसाच्या छायाचित्रांत त्यांच्या हाती काठी दिसते, आधाराला माणसे दिसतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी दीर्घ भाषण केले. १६ ऑक्टोबरला चंद्रपूर. नोव्हेंबरमध्ये काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद आणि तिथले बुद्ध व कार्ल मार्क्स यांच्यावरचे भाषण. १६ डिसेंबरला मुंबईत दीक्षा समारंभ ठरला होता. ५ डिसेंबरच्या रात्री ग्रंथाच्या प्रास्ताविकाचे कागद त्यांनी उशाशी मागून घेतले. ६ डिसेंबरच्या पहाटे दिल्लीत २६, अलीपूर रोड येथे झोपेतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. दीक्षेला ५३ दिवस झाले होते आणि त्यांचे वय ६५ होते.

त्यानंतर समाजाने एक अन्याय केला. तो आपण मान्य करायला हवा. इतक्या अचानक गेलेल्या बापाचे दुःख सोसवेना, तेव्हा संशयाची सुई माईसाहेबांवर रोखली गेली. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी कुजबुज थांबली नाही. वर्षानुवर्षांचा मधुमेह काय करतो, तो हृदयाला कसा पोखरतो, हे आपल्याला माहीत असते तर एका डॉक्टर बाईला एवढे एकाकी आयुष्य कंठावे लागले नसते. १४ एप्रिल १९९० रोजी बाबासाहेबांचा भारतरत्न किताब त्यांनीच स्वीकारला. २००३ मध्ये त्या गेल्या. आजाराबद्दलचे अज्ञान आजाऱ्यासोबत त्याच्या सेवा करणाऱ्यालाही छळते, हे त्यांच्या आयुष्यावरून शिकावे.

आपण काय करावे?

आम्ही प्रत्येक विहारासाठी आणि मंडळासाठी काही साध्या गोष्टी सुचवतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी साखर तपासावी. घरात कुणाला मधुमेह असेल तर नक्कीच. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर, डोळ्यांचा पडदा, किडनी आणि पाय यांची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने करावी. बरे वाटले म्हणून औषध स्वतःहून बंद करू नये.

दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीला जाताना मधुमेही उपासक-उपासिकांनी अनवाणी चालू नये. बधिर झालेल्या पायाला खडा टोचलेला कळत नाही आणि छोटी जखम चिघळून बोट किंवा पाय गमावण्याची वेळ येते. रात्री निजण्यापूर्वी तळपाय पाहावेत, स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांकडून पाहून घ्यावेत. रांगेत तासन् तास उभे राहायचे असते, म्हणून जवळ पाणी, खायला काही तरी आणि साखर उतरली तर चटकन तोंडात टाकायला खडीसाखर किंवा ग्लुकोज ठेवावे. घाम फुटला, हातपाय थरथरले, डोके गरगरले तर साखर उतरली असे समजून लगेच गोड घ्यावे आणि शेजाऱ्याला सांगावे. इन्सुलिन उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नये. समता सैनिक दलाच्या आणि इतर स्वयंसेवकांना ही लक्षणे आधीच शिकवून ठेवता येतील.

आणि मंडळांनी एक ठराव जरूर करावा. जयंतीच्या मंचावर हारतुऱ्यांवर जो खर्च होतो, त्यातला थोडा साखर आणि रक्तदाब तपासणीच्या टेबलावर करावा. त्या टेबलावर आधी अध्यक्षांनी आणि सचिवांनी सगळ्यांदेखत बोट पुढे करावे, म्हणजे मागच्या रांगेतल्या पोराची आणि बाईचीही लाज जाईल. बाबासाहेबांना जे औषध, जी तपासणी त्या काळात मिळाली नाही, ती आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळू शकते. ती न घेता त्यांच्यासारखे रात्रंदिवस राबण्याची भाषा आपण करू नये.